घर कुठे घ्यायचं? आधी जमिनीचा नकाशा बघा

पत्र: नमस्कार. मी मूळचा खटाव तालुक्यातला. बरीच वर्षं डॅलसजवळ फ्रिस्कोला नोकरी करतो, ग्रीन कार्ड झालं आहे. ऑफिसातल्या एका मित्रानं शिकारीची गोडी लावली. आधी टेक्सासमध्ये लीजवर हरणं, मग कोलोरॅडोत एल्क, म्हणजे तिथलं थोराड हरीण. आता डोंगराजवळ राहायला जायचं डोक्यात आहे, कंपनी घरून काम करू देते. पण कुठे जायचं यावरून आमच्या कॅम्पमध्येच राजकारण पेटलं. एक मित्र म्हणतो, डेन्व्हरच्या मतदारांनी कोलोरॅडोची वाट लावली, बंदुकांचे कायदे आणले, लांडगे आणले, तू सरळ मोंटाना नाहीतर आयडाहो गाठ. दुसरा म्हणतो, तिथल्या पक्षालाच सरकारी जमीन विकायची आहे, पुढे शिकारीला जागाच उरणार नाही. शब्दानं शब्द वाढत गेला आणि दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी परतले. यंदा टॅगसाठी, म्हणजे जनावरामागे मिळणाऱ्या शिकारीच्या परवान्यासाठी, एकत्र अर्जही केला नाही. बायको शाकाहारी आहे. ती म्हणते, "तुझ्या एल्कसाठी मी आणि मुलींनी का हलायचं?" गावी वडिलांना तर शिकारीबद्दल अजून धड सांगितलेलंही नाही. काय करू? – सं. दे., फ्रिस्को

उत्तर:

नमस्कार. तुमच्या दोन्ही मित्रांचं म्हणणं अर्धं अर्धं खरं आहे. पण घर घेताना दोघांपैकी कोणाचंच ऐकू नका. राज्य लाल (रिपब्लिकन) की निळं (डेमोक्रॅट) हे विचारण्याआधी एक गोष्ट विचारा: घरातून निघून तासाभरात, कोणाची परवानगी न घेता पाय ठेवता येईल अशी जमीन किती आहे, आणि तिच्यापर्यंत पोचायला वाट आहे का? तुम्हाला डोंगरात हिंडायचं आहे, मुलींनाही न्यायचं आहे. त्या हिंडण्याचं भवितव्य या प्रश्नाच्या उत्तरावर आहे. गव्हर्नर तर दर चार वर्षांनी बदलू शकतो.

टेक्सासमध्ये हे तुम्ही अनुभवलंच आहे. तिथली साधारण ९५ टक्के जमीन खासगी, फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, जमीन दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणून तिथे हरणाच्या मागे लागायचं म्हणजे आधी लीज. रँचवाल्याला वर्षाचे पैसे भरायचे, मक्याचा फीडर लावायचा, ब्लाइंडमध्ये, म्हणजे आडोशाच्या खोपट्यात, बसून राहायचं. राज्याचा ४८ डॉलरचा वार्षिक परवाना आहे, त्यावर दहा लाख एकरांच्या आसपास जमीन खुली होते. पण एवढ्या अवाढव्य राज्यात तेवढ्यानं काय होतं? झाडावर किंवा खांबावर जांभळा पट्टा दिसला की आत जायचं नाही. टेक्सासच्या कायद्यात त्या रंगाला 'प्रवेश बंद'च्या पाटीइतकीच किंमत आहे. मोंटाना आणि आयडाहोत तेच काम नारिंगी रंग करतो. पश्चिमेला गेल्यानं कुंपणं संपत नाहीत, हे आधीच मनाशी धरून चला.

आता पश्चिमेचे आकडे बघा. आयडाहोची सुमारे ६२ टक्के जमीन फेडरल आहे, वायोमिंगची ४७, कोलोरॅडोची ३६ आणि मोंटानाची २९. तुमच्या पहिल्या मित्राला जो मोंटाना मोकळा मुलूख वाटतो, तिथे फेडरल जमिनीचं प्रमाण कोलोरॅडोपेक्षा कमी आहे. तरीही तिथला शिकारी समाधानी असतो, त्याची कारणं वेगळी आहेत. शाळांसाठी राखलेली राज्याची ट्रस्ट जमीन तिथे कायदेशीर वाट असेल तर लायसनवर खुली असते. 'ब्लॉक मॅनेजमेंट' नावाची योजना १९८५पासून चालू आहे. तिच्यात राज्य शेतकऱ्यांना आणि रँचवाल्यांना मोबदला देतं आणि सत्तर लाख एकरांच्या आसपास जमीन शिकारीसाठी उघडी होते. आणि १९८५च्याच कायद्यामुळे नदीच्या पात्रातून, पाणी एरवी जिथवर चढतं त्या खुणेच्या आत राहून कोणालाही चालता येतं, काठ कोणाचा का असेना. कोलोरॅडोत यातलं बरंच नाही. तिथली राज्याची ट्रस्ट जमीन आपोआप खुली नसते, वन्यजीव खात्यानं भाड्यानं घेतली तरच आत जाता येतं. नदीचं म्हणाल तर दोन्ही काठ एकाच मालकाचे असले की तळात पाय टेकवायचीही पंचाईत. हे सगळं दोन्ही पक्षांच्या राजवटींत, गावोगावच्या माणसांनी वर्षानुवर्षं मागे लागून मिळवलेलं किंवा गमावलेलं आहे.

तुमच्या दुसऱ्या मित्राची भीती पोकळ नाही. २०२५च्या जूनमध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी बजेटच्या मोठ्या विधेयकात पश्चिमेच्या अकरा राज्यांतली फेडरल जमीन विकायची तरतूद घातली होती. पहिल्या मसुद्याप्रमाणे वीस ते तीस लाख एकर जमीन गेली असती. त्याआधी २०१७ साली युटाचेच खासदार जेसन चॅफेट्झ यांनी तेहतीस लाख एकर विकायचं विधेयक आणलं होतं. युटा राज्यानं तर १ कोटी ८५ लाख एकरांवरचा फेडरल ताबाच बेकायदा आहे म्हणून थेट सुप्रीम कोर्ट गाठलं होतं. कोर्टानं २०२५च्या जानेवारीत ते ऐकायला नकार दिला. हे तिन्ही प्रयत्न एकाच पक्षाच्या, रिपब्लिकन, माणसांकडून आले, ते लपवून उपयोग नाही.

पण ते अडवले कोणी, हेही बघा. चॅफेट्झ यांचं विधेयक त्यांच्याच मतदारांनी, शिकाऱ्यांनी आणि गळ टाकणाऱ्यांनी आठवड्याभरात मागे घ्यायला लावलं. ली यांच्या तरतुदीला मोंटानाचे आणि आयडाहोचे रिपब्लिकन सिनेटर उभे आडवे आले. मोंटानाचे खासदार रायन झिंकी यांनी तर हा आपल्यासाठी निर्वाणीचा मुद्दा असल्याचं जाहीर केलं. २८ जूनला ली यांना तरतूद काढावी लागली. त्या राज्यांत जमीन विकू म्हणणारा निवडणूक हरतो, म्हणून तिथल्या पुढाऱ्यांच्या जिभेवर ताबा असतो. आणखी एक सांगते. जमीन विकत घेऊन ती सार्वजनिक करण्यासाठी दर वर्षी ९० कोटी डॉलर कायमचे बांधून देणारा कायदा २०२०मध्ये झाला. कोलोरॅडोचे रिपब्लिकन सिनेटर कोरी गार्डनर त्यात पुढे होते, दोन्ही पक्षांनी मतं दिली आणि सही ट्रम्प यांची होती. एवढं सगळं एका रंगात कसं बसवणार?

पहिल्या मित्राच्या तक्रारीतही तथ्य आहे. लांडगे परत आणायचा प्रस्ताव कोलोरॅडोत २०२०मध्ये अगदी थोडक्या मतांनी पास झाला. मतं मुख्यतः डेन्व्हर-बोल्डरकडची, आणि २०२३च्या डिसेंबरात लांडगे सोडले ते डोंगरापलीकडे, गुरं पाळणाऱ्यांच्या दारात. ज्याचं वासरू जाणार त्याला विचारलंच नाही, हा राग मला समजतो. बंदुकांच्या खरेदीवरचा नवा कायदाही २०२५मध्ये झाला. त्याचा भर काढता मॅगझिन असलेल्या काही सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर आहे, एल्कसाठी जी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल तुम्ही वापरत असाल तिच्यावर नाही. आणि याच कोलोरॅडोत २०२४मध्ये पहाडी सिंहाच्या (प्यूमाच्या) शिकारीवर बंदी घालायचा प्रस्ताव मतदारांनी स्पष्टपणे फेटाळला. म्हणजे 'डेन्व्हरचा मतदार' असा एकच एक प्राणी नाही. त्याच्याशी बोललं तर तो ऐकतो.

जमीन किती, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न वाटेचा आहे. कॅम्पमधल्या भांडणात तो कोणी काढलाच नाही, याचं मला वाईट वाटलं. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी एकाआड एक चौरस मैल अशा देऊन टाकल्या. त्यामुळे वायोमिंगच्या दक्षिणेत नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो: एक चौकोन खासगी, शेजारचा सरकारी. सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्याच्या एका बिंदूवर भेटतात. त्या बिंदूवरून तिरकं पलीकडे गेलं तर खासगी जमिनीवरच्या हवेतून गेलं, असा मालकांचा दावा. २०२०मध्ये मिसूरीचे काही शिकारी कार्बन काउंटीत एल्क माउंटनपाशी अशा कोपऱ्यावर पोचले. जमिनीत रोवलेली सर्वेची पितळी टोपी, तिच्या दोन अंगांना मालकानं ठोकलेले लोखंडी खांब, मधे साखळी आणि 'प्रवेश बंद'च्या पाट्या. ते खांबांना धरून पलीकडे वळले. पुढच्या वर्षी त्यांनी घडीची लोखंडी शिडीच नेली, एका सरकारी चौकोनात तिचे दोन पाय, दुसऱ्यात दोन, आणि वरून उतरले. खासगी जमिनीला बोटही लागलं नाही. तरी फौजदारी खटला झाला. २०२२मध्ये ज्यूरीनं चौघांनाही निर्दोष सोडलं. मालकानं दिवाणी दावाही लावला होता, रँचची किंमत सत्तर लाख डॉलरांहून अधिक घसरेल अशी मांडणी त्याच्या बाजूनं झाली. २०२५च्या मार्चमध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका गटाच्या, केंद्रीय अपील कोर्टानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. सार्वजनिक जमिनीची वाट अडवायची नाही असं सांगणाऱ्या १८८५च्या एका कायद्याचा आधार कोर्टानं घेतला. त्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं मालकाचं अपील घ्यायला नकार दिला.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे, त्यामुळे हे तुम्हाला चटकन कळेल. आपल्याकडे शेताला वाट नसली की महसूल संहितेच्या कलम १४३खाली तहसीलदाराकडे अर्ज करून बांधावरून वाट मागता येते. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार कोर्टाचा कायदा आहेच. अमेरिकेत पितळी टोपीवरून एक पाऊल टाकायला काही वर्षांची कोर्टबाजी लागली. आणि तो निकालही सगळीकडे लागू नाही. वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको दहाव्या सर्किटमध्ये येतात. मोंटाना आणि आयडाहो नवव्यात. मोंटानाचं वन्यजीव खातं आजही कोपरा ओलांडणं बेकायदा धरतं. पश्चिमेत अशी फक्त कोपऱ्यानं जोडलेली जमीन ८३ लाख एकर असल्याचं २०२२च्या एका पाहणीत दिसलं. तेव्हा तुमच्या मित्रानं सुचवलेल्या राज्यातला एखादा सुंदर हिरवा चौकोन मोबाइलच्या नकाशावर दिसला तर लगेच हुरळून जाऊ नका. तिथे रस्ता जातो का, तो काउंटीचा आहे की खासगी, फाटकाला कुलूप असतं का, हे बघा. काउंटीच्या ऑफिसात विचारलं की सांगतात.

टॅगचा हिशोब तुम्हाला माहीत असेल, तरी सांगते. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एल्कच्या लायसनला शेकड्यांनी, कुठे कुठे हजारावर डॉलर पडतात. रहिवाशाचं काम पन्नास-साठ डॉलरांच्या आसपास होतं. पण रहिवासी व्हायला कोलोरॅडोत आणि आयडाहोत सहा महिने लागतात, मोंटानात सलग १८० दिवस, वायोमिंगमध्ये पूर्ण वर्ष. फक्त पत्ता घेऊन भागत नाही. गाडीची नोंदणी, कर, प्रत्यक्ष मुक्काम, सगळं बघतात, आणि खोटं सापडलं तर लायसनच जातं. वायोमिंगचा आणखी एक नियम आहे: बाहेरच्यांना तिथल्या घोषित 'विल्डरनेस'मध्ये मोठ्या जनावरांची शिकार करायची तर गाइड किंवा स्थानिक सोबती सक्तीचा.

माझं मत विचाराल तर तुमच्या घरासाठी मी दोनच जागा धरीन: आयडाहोतलं बॉइझी, आणि कोलोरॅडोत डेन्व्हरच्या उत्तरेचा फोर्ट कॉलिन्स-लव्हलँडचा पट्टा. मोंटानातलं बोझमन सुंदर आहे, पण तिथली घरं महाग आहेत आणि आपली माणसं विरळ. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, या तिन्ही राज्यांत आहे, तो पगारातून वजा करून बघा. 'घरून काम' म्हणजे कुठल्याही राज्यातून काम असं नसतं. नव्या राज्यात पगार द्यायला कंपनी तयार आहे का, हे एचआरकडून लेखी घ्या. हातातली नोकरी उद्या गेली तर दुसरी तिथे मिळेल का? बॉइझीत मायक्रॉनसारखी कंपनी आहे, डेन्व्हर पट्ट्यात पर्याय बरेच. एका कंपनीच्या भरवशावर तीन माणसांना घेऊन डोंगरात जायचं नसतं.

आता वहिनींचं. त्यांचा प्रश्न पत्रात तुम्ही शेवटी शेवटी घातलात, माझ्या हिशोबात तो पहिला आहे. "तुझ्या एल्कसाठी" असं त्या म्हणतात, कारण तुम्ही त्यांच्यासमोर एल्कच ठेवला आहे. शिकारीचा हंगाम वर्षातून काही आठवडे. बाकीचं वर्ष त्यांना आणि मुलींना त्या गावात काढायचं आहे: शाळा, डॉक्टर, हिवाळ्यात निसरडे रस्ते, डाळ-तांदूळ आणायला किती लांब जावं लागतं, शनिवार-रविवारची मराठी शाळा, मैत्रिणी. फ्रिस्कोत हे सगळं हाताशी आहे, ते सोडणं म्हणजे काय याचा अंदाज पुरुषांना उशिरा येतो. डेन्व्हर परिसरात मराठी मंडळ आहे, गणपती बसतो. बॉइझीत काय आहे ते आधी जाऊन बघा. मांस शिजवायचं तर भांडी वेगळी, फ्रीझर गॅरेजमध्ये, हे त्यांनी न मागता तुम्ही ठरवा. आणि ही सरकारी जमीन शिकाऱ्यांची खास मालमत्ता नाही हे घरात बोलून दाखवा. ज्या फॉरेस्टमध्ये तुम्ही ऑक्टोबरात रायफल घेऊन जाता, त्याच फॉरेस्टमध्ये जुलैत त्या मुलींना घेऊन फुलं बघायला जाऊ शकतात, तंबू टाकू शकतात, बहुतेक ठिकाणी एक पैसा न देता. शाकाहारी माणसाचा त्यावर तेवढाच हक्क आहे. एवढं करूनही त्या 'नाही' म्हणाल्या, तर फ्रिस्कोतच राहा आणि दर वर्षी टॅग काढून जा. ती हार मानू नका.

मित्रांना फोन तुम्हीच करा. दोघांना एकाच वेळी, आणि पक्षाचं नाव निघालं की एखाद्या ठरावीक जमिनीचं नाव काढा. तुम्ही ज्या युनिटमध्ये (शिकारीच्या विभागात) एल्क शोधलात तिथे फॉरेस्ट सर्व्हिसचा रस्ता बंद होणार आहे का? शेजारची रँच विकायला निघाली आहे का? यावर दोघंही एकाच बाजूला येतील, बघा. मिसूरीच्या त्या शिकाऱ्यांच्या कोर्टाच्या खर्चासाठी 'बॅककंट्री हंटर्स अँड अँगलर्स' या शिकाऱ्यांच्या संघटनेच्या वायोमिंग शाखेनं वर्गणी काढली होती. तिथे देणाऱ्याला मत कोणाला दिलंस असं कोणी विचारलं नाही.

तुम्हाला अजून मतदान नाही. पण सिटिझन नसलेल्यालाही बरंच करता येतं. फॉरेस्ट सर्व्हिस आणि बीएलएम (केंद्राचं जमीन खातं) प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी लोकांच्या सूचना मागवतात, तिथे कोणीही लिहू शकतं. राज्याच्या वन्यजीव आयोगाच्या बैठकीत उभं राहून बोलता येतं. काउंटीच्या सभेला जाता येतं. चार ओळी लिहा, पण ठोस लिहा: कुठलं फाटक, कुठला रस्ता, कधीपासून बंद. मतदार म्हणून मात्र चुकूनही नाव नोंदवू नका. डीएमव्हीच्या (गाडीचं लायसन देणाऱ्या ऑफिसच्या) फॉर्मवर ती चौकट नजरचुकीनं भरली गेली तरी पुढे नागरिकत्वाला अडचण येते.

वडिलांना सांगून टाका. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली, त्यामुळे त्यांच्या मनात ती गुन्हाच असणार, आणि भारतात ते बरोबरच आहे. इथे किती जनावरं मारायची ते दर वर्षी गणतीवरून ठरतं, मारलेल्याचं मांस वाया घालवणं गुन्हा असतो, आणि बंदूक-काडतुसांवर जो दहा-अकरा टक्के कर आहे तो १९३७च्या कायद्यानं राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. हे त्यांना समजावून सांगा. त्यांना पटेल असं नाही. पण दुसऱ्या कोणाच्या फेसबुकवर तुमचा फोटो बघून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

पुढच्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, चौघंही आठवडाभर बॉइझीला आणि आठवडाभर फोर्ट कॉलिन्सला राहून या. बंदूक घरी ठेवा. शाळेत चौकशी करा, किराणा आणा, संध्याकाळी अंधारून आल्यावर वहिनींना कसं वाटतं ते बघा. शेवटचं मत त्यांचं.

आणि तुमच्या कॅम्पमध्ये किंवा ऑफिसात कोणी एच-वन-बीवर असेल तर त्याला हे जरूर सांगा: त्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला फेडरल कायद्यानं मनाई आहे, आणि त्यातून सुटण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन. लायसनची तारीख उलटली की घरात ठेवलेली रायफलही गुन्हा ठरते. लायसन वेळेत नवं करायचं, आणि राज्य बदलून घरून काम करायचं असेल तर कंपनीच्या वकिलाकडून अर्जात दुरुस्ती करून घेतल्याशिवाय सामान बांधायचं नाही.